बीगल चॅनल: हिमनदीच्या फियोर्डमध्ये नांगर आणि किनाऱ्याचे दोर, नेमकी तयारी काय?

शीडवाट (प्रश्न)

येत्या जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघं दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी, चिलीतल्या पुएर्तो विल्यम्सहून बीगल चॅनलने पश्चिमेकडे निघणार आहोत. कालेता ओयाला मुक्काम, तिथून सेनो पिआचा फियोर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली, समुद्राचं पाणी भरलेली अरुंद दरी, बघून परत. हाताशी १२ दिवस. बोट ४२ फुटी, पोलादी, पाण्याखाली १.९ मीटर, इंजिन ५० अश्वशक्तीचं. नांगर २५ किलोचा, त्याला १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी.

चौघांचाही हात कोकणपट्टी आणि गोव्याच्या पाण्यात बसलेला आहे. तिथे पाच-सात मीटर पाणी, तळाला चिखल. साखळी सोडली की बोट वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या मर्जीने गोल फिरत राहते, रात्री एकदा उठून खुणा बघितल्या की झालं. फियोर्डमध्ये मात्र बोटीला फिरू द्यायचंच नसतं, नांगर टाकून मागून दोर नेऊन झाडाखडकांना जखडायचं असतं, असं सगळे सांगतात. ते का, हे अजून पुरतं उमगलेलं नाही. किती दोर, कुठले, कुठल्या क्रमाने? ६० मीटर साखळी पुरेल का? आणि हिमनदीसमोर रात्र काढायची तर बर्फाचं काय? हे पाणी ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.


खडपावरचा

आधी ‘का’ ते बघू. ते कळलं की बाकीचा क्रम पाठ करावा लागत नाही.

हिमनदीने कोरलेल्या दरीच्या भिंती उभ्या असतात आणि पाण्याखालीही त्या तशाच उभ्या उतरतात. काठापासून दोन बोटींच्या अंतरावर ४०-५० मीटर पाणी लागणं नेहमीचं. नांगराला सोयीचं ८ ते १५ मीटर पाणी सापडतं ते फक्त ओढ्याच्या मुखाशी साचलेल्या गाळावर, किंवा एखाद्या कालेतेच्या आतल्या टोकाला. कालेता म्हणजे तिकडची छोटी आडोशाची खाडी. ती पट्टी इतकी अरुंद की ५० मीटर साखळीवर बोट गोल फिरली तर सुकाणू खडकावर आपटणार. म्हणून फिरणं बंद.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तळ उताराचा असतो. नांगर खोल बाजूला, पिछाडी काठाकडे, अशी बोट मध्ये बांधलेली. पाण्याकडून वारा आला तर बोट काठाकडे ढकलली जाते, साखळी नांगराला चढाच्या दिशेने ओढते आणि तो आणखी रुततो. पण जमिनीकडून वारा आला आणि तुम्ही नुसत्या नांगरावर असाल, तर तोच नांगर उताराच्या दिशेने ओढला जातो. दहा-वीस मीटर सरकला की पाणी इतकं खोल की तो नुसता साखळीवर लोंबकळतो. आणि बीगलमधले सगळ्यात वाईट झोत येतात ते जमिनीकडूनच. आपल्याकडे रात्री मतलई सुटते, त्याच जातीची ही हवा, पण ती डार्विन पर्वतरांगेच्या बर्फावरून घसरत येते. शिवाय पश्चिमेचा मुख्य वारा कड्यांवरून उसळून खाली कोसळतो तो वेगळाच. तिथले लोक त्याला ‘राचा’ म्हणतात, इंग्रज खलाशी ‘विलीवॉ’. १० नॉट वाऱ्यात बसलेले असताना अचानक ५० नॉट, अर्धा मिनिट, मग पुन्हा शांत. आधी वर झाडीत घोंगावल्याचा आवाज येतो, मग पाण्यावर तुषारांचा पांढरा पट्टा गरगरत पुढे सरकताना दिसतो. हा झोत किनाऱ्याच्या दोरांनी पेलायचा असतो.

आता साखळी. समजा पाणी १२ मीटर, भरती-ओहोटीचा फरक उधाणाला धरून २ मीटर, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची १.५. बेरीज १५.५, त्याच्या पाचपट म्हणजे ७७.५ मीटर. तुमची ६० मीटर अपुरी आहे. ८० हवी, १०० असली तर निवांत. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे ४० मीटर वाढवल्याने नाळेत नव्वद किलो वाढतील. पोलादी बोटीला ते पेलतं. साखळी मिळाली नाही तर ४० मीटर जाड नायलॉन साखळीला गुंफून घ्या, मात्र ते तळाच्या दगडांवर घासणार नाही एवढी साखळी पुढे राहायला हवी. नांगर ३३ किलोचा केलात तर उत्तम. रुंद पात्याचा, नव्या धाटणीचा नांगर हवा. जुन्या नांगरी फाळाचे नांगर केल्पमध्ये, म्हणजे लांब पट्ट्यांच्या समुद्री शेवाळात, नुसते घसरत जातात.

केल्पबद्दल एवढंच की तो खडकावर उगवतो. जिथे केल्प तिथे खडक, आणि तिथे नांगर टाकू नये. तो नकाशापेक्षा प्रामाणिक असतो. पण प्रवाहात तो पाण्याखाली दबतो, त्यामुळे केल्प दिसत नाही म्हणजे खडक नाही, असं समजू नका. नांगर वर येताना केल्पचा भारा घेऊन येतो. लांब दांड्याला बांधलेला दातेरी कोयता नाळेवर हाताशी ठेवा.

दोर ४ हवेत. दोन १०० मीटरचे, दोन ६०-७० मीटरचे, सगळे तरंगणारे पॉलिप्रॉपिलीन, १४ ते १६ मिलिमीटर. नायलॉन बुडतो, केल्पमध्ये आणि खडकाच्या फटीत अडकतो, आणि शंभर मीटर ओला दोर ओढताना डिंगी (काठावर ये-जा करायची लहान होडी) वल्हवणाऱ्याचे हात गळतात. पॉलिप्रॉपिलीनची खोड ही की उन्हाने त्याचे धागे भुसभुशीत होतात आणि गाठ सुटते. गाठीला एक वेढा जास्त द्या, शेपूट हातभर सोडा. दोर रिळावर किंवा तोंड उघडं राहणाऱ्या पिशवीत भरलेला असावा. वेटोळं करून ठेवलेला दोर ऐन वेळी गुंततोच.

खडकाला थेट दोर बांधायचा नाही, रात्रीत कापला जातो. ८ मिलिमीटरच्या साखळीचे ३-४ मीटरचे चार तुकडे, प्रत्येकाला शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी), हे खडकासाठी. झाडासाठी रुंद पट्ट्याचे फास, म्हणजे साल सोलली जात नाही. तिथली लेंगा आणि कोइवेची झाडं खडकावरच्या पातळ, ओल्या थरात मुळं धरून असतात. मांडीएवढ्या जाडीचं, पानं असलेलं झाड निवडा आणि फास मुळापासून वीतभर उंचीवर घाला. वर बांधलात तर झाडच पहार होऊन मुळं उचकटतात. राखाडी, सुकलेली उभी झाडं टाळा. १९४६ मध्ये या भागात कॅनडातून बीव्हर आणून सोडले, त्यांनी ओढ्यांना बांध घालून बुडवलेली झाडं उभ्या उभ्या कुजतात. दिसायला खांबासारखी, हलवली की हातात येतात. चांगला खडक मिळत असेल तर मी झाडाच्या वाटेला जात नाही.

क्रम असा. उजेड मावळायच्या आधी निदान दोन तास पोचा. आत शिरण्याआधीच डिंगी पाण्यात, फास आणि साखळ्या डिंगीत, वल्ही जागेवर. कालेतेत एक सावकाश फेरी मारून खोली मोजा. मग नांगराच्या जागेवर नाळ थांबवा, नांगर सोडा, आणि मागे जात साखळी देत राहा. तळाला हिमनदीने दळलेला बारीक गाळ असतो, दह्यासारखा. नांगर पडल्या पडल्या जोरात ओढलात तर तो गाळाला नुसता खणत येतो. दहा मिनिटं त्याला बसू द्या, मग रिव्हर्समध्ये हळूहळू जोर वाढवा. नांगर धरला याची खात्री झाल्यावरच पहिला दोर. तो नेहमी वाऱ्याच्या बाजूचा, कारण तो बांधला की बोट तिरकी होऊन काठावर जात नाही. नंतर वाऱ्याआडचा. मग पिछाडीचे हे दोन्ही ताणून, साखळी थोडी आत घेऊन बोट मधोमध बसवा. उरलेले दोन नाळेच्या बाजूने दोन्ही काठांना. पिछाडी काठाच्या जितकी जवळ तितका आडोसा जास्त. झाडांच्या खाली बोट घुसली की झोत डोलकाठीच्या वरून जातो. सुकाणूखाली ओहोटीला एक मीटर पाणी राहील एवढं बघा.

हे चालू असताना सुकाणूवरच्या माणसाचं लक्ष एकाच गोष्टीवर हवं: दोर पाण्यावर आहे तोवर गिअर न्यूट्रल. तरंगणारा दोर पंख्यात गेला तर त्या क्षणी इंजिन, दोर आणि सुकाणू तिन्ही एकदम जातात.


हिमोढ

वर लिहिलेलं सगळं नेमकं आहे. मी बर्फापुरतं आणि सेनो पिआपुरतं लिहितो.

बीगलच्या वायव्य शाखेत उत्तरेकडून एकामागोमाग हिमनद्या उतरतात: होलांदा, इतालिया, फ्रान्सिया, आलेमानिया, रोमान्चे. कालेता ओया या रांगेच्या पूर्व टोकाशी, होलांदा हिमनदीच्या पायथ्याला आहे. तिथे बर्फाचा त्रास जवळपास नाही, झाडी दाट, तळ धरणारा. खडपावरचा यांनी सांगितलेला सगळा सराव तिथेच करा, हवा शांत असताना एकदा बांधून, सोडून, पुन्हा बांधून. पिआ तिथून साधारण १८-२० सागरी मैल पश्चिमेला.

पिआच्या तोंडाशी हिमनदीने मागे ठेवलेल्या हिमोढाचा उंबरठा आहे, म्हणजे बाहेर खोल, आत खोल आणि मध्ये उथळ दगडांची आडवी पट्टी. प्लॉटरवर, म्हणजे जीपीएसने बोटीची जागा दाखवणाऱ्या नकाशाच्या पडद्यावर, विसंबून ती ओलांडू नका. या भागातल्या जुन्या सर्वेक्षणाचा आणि जीपीएसचा मेळ बसत नाही, बोट डोंगरावरून चाललेली दिसते. रडार, खोलीमापक, नाळेवर एक माणूस आणि केल्पची किनार, हेच मार्गदर्शक. वेग दोन नॉट. आत गेल्यावर फियोर्डच्या दोन शाखा होतात, पूर्वेची आणि पश्चिमेची. कालेता ब्युलिओ पूर्वेच्या शाखेत, हिमनदी समोर दिसेल अशी.

आता बर्फ. समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. हिमनगाची भीती बाळगू नका, तो दिसतो. घात करतो तो ‘ग्राउलर’: पाण्यावर एक मीटरपेक्षा कमी डोकावणारा, पण मोटारीएवढा तुकडा. त्यातही हवेचे बुडबुडे निघून गेलेला काळसर, काचेसारखा बर्फ पाण्याच्याच रंगाचा दिसतो आणि रडारवर उमटत नाही. म्हणून अंधारात पिआत फिरायचं नाही. कुठल्याही तुकड्याला खेटून जाऊ नका, तळ वितळला की तो न सांगता उलटतो. विखुरलेल्या बर्फातून जायचं असेल तर एक-दीड नॉट, तुकडा नाळेच्या मध्यावर घ्या, बाजूने सरकू द्या, आणि तो पिछाडीजवळ आला की गिअर न्यूट्रल. बर्फात रिव्हर्स घेणं म्हणजे पंखा आणि सुकाणू पुढे करून बर्फाला भेटणं. ३-४ मीटरच्या दोन लाकडी काठ्या, टोकाला लोखंडी टोपी, हव्यातच.

हिमनदीच्या तोंडापासून मी अर्धा सागरी मैल दूर राहायला सांगेन. वरून कोसळणारा कडा दिसतो, पण पाण्याखालचा बर्फाचा पाय सुटून वर उसळतो तो कुठे उसळेल हे कळत नाही. लाट आली तर खोल पाण्यात नाळ तिच्याकडे करा. लाट धोकादायक होते ती उथळ पाण्यात आणि पुळणीवर. जानेवारी १८३३ मध्ये ‘बीगल’ जहाजाच्या होड्या याच वायव्य शाखेत पुळणीवर ओढलेल्या होत्या आणि लोक काठावर जेवत होते, तेवढ्यात समोरच्या हिमनदीचा मोठा तुकडा कोसळला. लाट काठाशी पोचायच्या आत चार्ल्स डार्विन आणि दोन-तीन खलाशी धावले आणि त्यांनी होड्या धरल्या. होड्या गेल्या असत्या तर ते सगळे तिथेच अडकले असते. कप्तान फिट्झरॉय यांनी लगेच पुढच्या विस्तीर्ण पाण्याला डार्विनचं नाव दिलं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ: हिमनदी दिसते अशा पुळणीवर डिंगी नुसती ओढून ठेवायची नाही, पाण्यापासून दहा-बारा मीटर वर उचलून न्यायची आणि बांधायची.

रात्री बर्फ कालेतेत येईल का, हे दोन गोष्टींवर ठरतं: वारा कुठून आणि तोंड किती उथळ. हिमनदीतून वितळलेलं गोडं पाणी वरच्या थरातून बाहेर वाहत असतं, त्याबरोबर बर्फही बाहेर जातो. वारा उलटा फिरला की तोच बर्फ कालेतेत भरतो. तोंडाशी तीन-चार मीटर पाणी असलेली कालेता निवडली तर मोठे तुकडे तोंडाशीच रुतून बसतात, आत येतो तो भुगा. आणि एक गोष्ट वर आलेली नाही. तरंगणारे दोर बर्फाला जाळ्यासारखे अडवतात. टनभराचा तुकडा दोराला येऊन टेकला की दोर वीणेच्या तारेसारखा ताणतो. तेव्हा दोर ढिला सोडून पाण्यात बुडवा, काठीने दाबा, तुकडा वरून जाऊ द्या, मग पुन्हा ताणा. पिआत रात्रभर पाळीपाळीने एक माणूस जागा हवा. जानेवारीअखेर उजेड साधारण १६ तास असतो, त्यामुळे पाळ्या जड जात नाहीत.


डिझेलवाला

इंजिनाकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून थोडक्यात.

बर्फाचा भुगा समुद्राच्या पाण्याच्या गाळणीत अडकतो आणि ती दोन-तीन मिनिटांत बंद पडते. एक्झॉस्टमधून पाण्याऐवजी नुसती वाफ दिसली, आवाज कोरडा झाला, की लगेच इंजिन बंद. थर्मामीटरची वाट बघितलीत तर इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) गेलेला असतो. बर्फातून जाताना एका माणसाने दर दहा मिनिटांनी एक्झॉस्ट बघायचा, हे कामच वाटून द्या. जमलं तर इंजिनात समुद्राचं पाणी घेणारं तोंड शक्य तितकं खोलवर घ्या, भुगा वरच्या अर्ध्या मीटरात असतो.

हिमनदीचं दुधाळ पाणी म्हणजे दळलेला दगड. त्याने इम्पेलरची पाती झिजतात आणि पंपाच्या झाकणावर चरे पडतात. ३-४ इम्पेलर, एक जादा झाकण, गॅस्केट सोबत ठेवा आणि परतल्यावर पंप उघडून बघा. गोडं पाणी बनवणारं यंत्र अशा पाण्यात चालवू नका, फिल्टर तासाभरात चोंदतात. खोलीमापकही या गाळाच्या थरावरून खोटा तळ दाखवतो. आकडा उड्या मारू लागला तर त्याच्यावर भरवसा नको, शिशाचं वजन आणि खुणा केलेली दोरी बाहेर काढा. आपल्या तांडेलांनी वावात खोली मोजली ती अशीच.

डिझेलचा हिशोब. पुएर्तो विल्यम्स ते पिआ सुमारे ७० सागरी मैल, जाऊन येऊन १४०. पाच नॉटने २८ तास, तासाला ४ लिटर, म्हणजे ११२ लिटर. पण जाताना वारा तोंडावर असणार आणि वेग तीनवर येणार, त्यामुळे जातानाचे तास जवळपास दुप्पट धरा. कालेतेत शिरणं, बांधणं, बर्फात घुटमळणं वेगळं. थेंब-थेंब डिझेलवर चालणारी शेगडी दिवसाला ५ लिटर खाते, १२ दिवसांचे ६०. एकूण ३०० लिटरपेक्षा कमी घेऊन निघू नका, वाटेत पंप नाही.

त्या शेगडीच्या धुराड्यात राचाचा झोत उलटा शिरतो, ज्योत विझते आणि धूर केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा झोपायच्या जागेजवळ लावा आणि एक झडप कायम उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.


उत्तरवारा

खडपावरचा यांच्याशी बहुतेक सहमत. दोन गोष्टींची भर घालतो.

त्यांनी लिहिलं नाही, पण पुष्कळ जण दोर झाडामागून फिरवून परत बोटीवर आणतात, म्हणजे निघताना बोटीवरूनच ओढून सोडवता यावा. ते पिआसारख्या ठिकाणी करू नका. एक तर दोर दुप्पट लागतो, शंभरचा पन्नास होतो. दुसरं, बोट हलली की दोर खोडावर करवतीसारखा घासत राहतो. तिसरं, आणि हेच खरं दुखणं, घाईने ओढताना त्याचं मोकळं टोक खडकाच्या फटीत अडकतं, आणि मग तुमची बोट वाऱ्यात नेमकी त्या एका दोरावर टांगलेली राहते. काठाशी फास आणि शॅकल, बोटीवर क्लीट, म्हणजे दोर गुंडाळून अडकवायचा खुंटा. अगदीच घाई झाली तर क्लीटवरून दोर सोडून द्या आणि वारा पडल्यावर डिंगीने जाऊन आणा. तरंगणारा असल्याने तो सापडतो.

दुसरं म्हणजे दोर बोटीवरून ओढत न्यायचा की डिंगीतून सोडत जायचं. रिळ बोटीवर आणि टोक डिंगीत, ही पद्धत वारा कमी असताना सोपी. पण आडव्या वाऱ्यात साठ मीटर दोराला पोट सुटतं, ते केल्पला जाऊन चिकटतं आणि वल्हवणाऱ्याला वाटतं आपण हललोच नाही. आडवा वारा १५ नॉटच्या वर असेल तर दोर पिशवीतून डिंगीत घ्या, एक टोक बोटीवर बांधा आणि सोडत सोडत काठाकडे जा. दोर अपुरा पडायची भीती वाटत असेल तर दुसरा दोर आधीच जोडून ठेवा.


शीडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. नांगर उतारावर कुठल्या दिशेने ओढला जातो, हे वाचल्यावर सगळं चित्रच बदललं. ८० मीटर साखळी आणि ३३ किलोचा नांगर पक्का केला. आता तीन शंका. डिंगीला मोटर लावावी की नुसती वल्ही? काठावर कुणी उतरायचं? आणि परवानगीचं, संपर्काचं काय?


खडपावरचा

दोराच्या कामाला वल्ही. मोटरचा पंखा केल्पमध्ये पहिल्या मिनिटात गुंडाळला जातो आणि खडकाला लागून पिन तुटते. मोटर न्या, पण फिरायला. दुहेरी दोराबद्दल उत्तरवारा यांचं म्हणणं बरोबर आहे, मीही फास आणि शॅकलच म्हणेन.

काठावर उतरायला चौघांतला सगळ्यात ताकदीचा नव्हे, तर ओल्या शेवाळी खडकावर ज्याचा तोल पक्का आहे आणि गाठ डोळे मिटून बांधता येते तो. त्याच्या अंगात ड्रायसूट (पाणी आत न शिरणारा पोशाख), वर लाइफजॅकेट, पायात पकड असलेले बूट, गळ्यात शिट्टी, खिशात सुरी. हिमनदीजवळचं पाणी साधारण ३-४ अंशांचं. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा हिशोब १-१०-१ असा लक्षात ठेवा: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हात-बोटं कामाची राहतात ती १० मिनिटं, शुद्ध जायला सुमारे १ तास. म्हणजे बोटीवर परत चढायचं ते पहिल्या दहा मिनिटांत. पिछाडीला शिडी आधीपासून पाण्यात सोडलेली हवी. नंतर सोडू म्हटलं तर बोटं तिची कडी उघडणार नाहीत.

बोट आणि काठ यांच्यातल्या खुणा आधी ठरवा. ओरडणं वाऱ्यात ऐकू जात नाही. हात वर म्हणजे बांधलं, दोन्ही हात आडवे म्हणजे थांबा, डोक्यावर फिरवला म्हणजे ओढा. तीन पुरेत.

रात्री डिंगी पाण्यात मागे बांधून ठेवू नका. राचा तिला पतंगासारखी उचलून उलटी आपटतो. वर घेऊन डेकवर उलटी बांधा. डेकवरचं कापडी छत, शिडांवरचे सैल पट्टे, सगळं खाली.

परवानगीचं: चिलीचं नौदल ‘सार्पे’ देतं, म्हणजे प्रस्थानाचा परवाना. त्यात वाटेतल्या जागा लिहिलेल्या असतात आणि तिथेच जायचं असतं. म्हणून अर्जात ओया, पिआच्या जोडीला आडोशाच्या पर्यायी जागाही लिहा. जोराचा वारा असला की नौदल बंदर बंद करतं, मग लहान बोटींना सुटता येत नाही, त्याचा दिवस १२ मध्ये धरून ठेवा. वाटेत नौदलाच्या चौक्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर बोलावतात: बोटीचं नाव, कुठून, कुठे, किती माणसं. एवढं स्पॅनिशमध्ये आकड्यांसह पाठ करा. रोजची हजेरी कशी आणि कधी द्यायची ते परवाना घेतानाच विचारा. फियोर्डच्या आत व्हीएचएफ भिंती ओलांडत नाही, त्यामुळे उपग्रह संदेशयंत्र हवंच. उंच कड्यांमुळे आकाशाचा तुकडाच दिसतो, संदेश जायला कधी कधी अर्धा तास लागतो. अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून काही सामान आणणार असाल तर ताजी फळं, भाज्या, मांस चिलीत शिरताना काढून घेतात. खरेदी पुएर्तो विल्यम्सलाच करा.

हवामानाचे नकाशे डोंगर बघत नाहीत. १५ नॉट पश्चिम असा अंदाज असला तरी घळीत ४० मिळू शकतात आणि शेजारच्या कालेतेत शून्य. वायुभारमापक दर तीन तासांनी वहीत लिहा. भार भराभर उतरताना वारा वायव्येचा, आणि थंड हवेची आघाडी पुढे गेल्यावर तो नैर्ऋत्येला वळतो. ज्या दोरावर काल भार नव्हता त्याच्यावर आज सगळा येणार, म्हणून वळण्याआधीच तो तपासा. बोटीच्या कडेवर दोर घासतो तिथे बागेच्या नळीचा हातभर तुकडा चिरून चढवा.

कोकणातल्या माणसाला ओहोटीला काठावरचे शिंपले बघून मोह होणार. तिथले शिंपले काढून खाऊ नका. लाल भरतीचं विष त्यात असतं, ते शिजवून जात नाही आणि श्वास बंद पाडतं. ओढ्याचं पाणी प्यायचं तर उकळूनच, वर बीव्हर असतात. आणि मच्छीमारांच्या बोटी संध्याकाळी उशिरा त्याच कालेतेत येतात, त्यांनी झाडाला बांधून ठेवलेले जाड दोर वापरू नका, वाटही अडवू नका.

निघताना क्रम उलटा. आधी इंजिन गरम करून घ्या. वाऱ्याआडचे दोर पहिले, वाऱ्याकडचा पिछाडीचा दोर सगळ्यात शेवटी. प्रत्येक दोर पूर्ण आत येऊन रिळावर भरल्याशिवाय पुढचा सोडायचा नाही. काठावरचे फास आणि साखळ्या मोजून डिंगीत, डिंगी वर, मग साखळी आत. मधेच झाडीत घोंगावणं ऐकू आलं तर हातातलं काम थांबवा, उरलेला दोर क्लीटवर पक्का करा आणि झोत जाऊ द्या. एकामागून एक येत असतील तर दोन झोतांमधलं अंतर घड्याळावर बघा. शेवटचा दोर त्या मोकळ्या वेळात सुटत नसेल तर सोडलेले पुन्हा बांधा आणि त्या दिवशी तिथेच राहा.